सासूबाईंना टाउनला नेऊ नकोस

बोरिवली (पश्चिम)

प्रिय मिनू,

तुझं पत्र आलं, सोबतचा चौकटी आखलेला कार्यक्रमही आला. पहिला दिवस गेटवे आणि ताज, दुसरा सीएसएमटी आणि राजाबाई टॉवर, तिसरा घारापुरी, चौथ्या दिवशी खरेदी. अगं, तू मूळची मुलुंडची. फ्लॉरेन्सहून नवरा आणि सासूबाई यायच्या म्हटल्यावर उपनगरात दाखवण्यासारखं तुला काहीच आठवू नये? चारही दिवस सकाळी लोकल पकडून टाउनला जायचं आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परत यायचं. सासूबाईंना तू मुलुंडच्या तीन नंबरवरून फास्ट गाडीत चढवणार आहेस का? कोणत्या जन्माचा सूड उगवतेयस त्यांच्यावर?

बरं, गर्दीचं राहू दे. त्या बाई घराबाहेर पडल्या की १४३६ साली पुरा झालेला घुमट त्यांना दिसतो. त्यांना तू जुनं म्हणून १८८७ सालचं स्टेशन आणि १९२४ सालचं गेटवे दाखवणार! दोन्ही देखणी आहेत, त्यात वाद नाही. पण वाळकेश्वर-बाणगंगेसारखी थोडी ठिकाणं वगळली तर टाउनमधलं बरंचसं कौतुक इंग्रजांच्या काळातलं, तुझ्या सासरच्या गल्लीतल्या घरांपेक्षाही कोवळं. मुंबईचं खरं जुनेपण आपल्या बाजूला आहे, साष्टीत. शीवचा बांध १८०३ सालचा, माहीमचा १८४५ चा. तोवर टाउनवाल्यांना इकडे यायला होडी लागायची. अंधेरी-घाटकोपर बृहन्मुंबईत आली १९५० साली आणि तुझं मुलुंड, माझं बोरिवली तर थेट १९५७ ला. त्यामुळे आपल्याला उगाच वाटत राहतं की आपण मागून आलेली, उपरी माणसं. अगं, टाउनला पहिलं नळाचं पाणी आपल्याच डोंगरांतून गेलं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. आणि त्याच डोंगरात पाणी कसं अडवायचं हे त्याआधी दीडेक हजार वर्षं भिक्षूंना ठाऊक होतं.

म्हणून तुझा कार्यक्रम मी खोडून नव्याने लिहिलाय. रागावू नकोस. रागावलीस तरी तो बदलणार नाही.

पहिला दिवस कान्हेरीचा. सोमवार सोडून कुठलाही दिवस धर. सोमवारी राष्ट्रीय उद्यानच बंद असतं. तुझ्या माहेरच्या गच्चीतून जे डोंगर दिसतात ते आणि हे एकच, फक्त लेणी पलीकडच्या अंगाला. मधून सरळ रस्ता नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे व्हायचे आहेत, तोवर वळसा घालूनच यावं लागेल. सकाळी लवकर निघा. उद्यानाच्या दारापासून लेणी आत बऱ्याच लांब आहेत. बस असते, भाड्याने सायकलीही मिळतात. जावईबापूंना हौस असेल तर त्यांनी सायकल घ्यावी. शेवटचा चढ चढताना हौस आपोआप उतरते.

लेणी शंभराहून जास्त आहेत. सगळी बघू म्हणून हट्ट धरू नकोस. तीन, अकरा, चौतीस, एक्केचाळीस आणि नव्वद एवढी नीट बघितलीत तरी पुष्कळ. तीन नंबर म्हणजे मोठं चैत्यगृह. दुसऱ्या शतकात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात दोन व्यापारी भावांनी ते करवलं, तसा लेख आहे. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सात-सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. ते मागाहून, पाचव्या-सहाव्या शतकात कोरलेले. लोक त्यांच्याकडे मान वर करून बघतात, फोटो काढतात आणि आत शिरतात. तसं करू नका. आत जायच्या आधी दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर जी जोडपी आहेत त्यांच्यापुढे थांबा. भरदार अंगाची, डोक्यावर मोठाली पागोटी, पायांत जाडजूड वाळे. एकीने कमरेवर हात ठेवलाय, दुसरीचा पाय जरा पुढे. देवही नव्हेत नि राजेही. पैसेवाली, खाऊनपिऊन सुखी माणसं वाटतात. कल्याण, सोपारा, चौल इथल्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दानं दिली, तशी नावं लेखांत आहेत. मेदिची घराण्याचा पैसा आणि चित्रकारांचे कुंचले ही जोडी सासूबाईंना चांगली ठाऊक असणार. त्यांना सांग, आमच्याकडे मेदिचींच्या आधी तेराशे वर्षं कल्याणचे व्यापारी होते.

आत गेल्यावर खांब बघ. एकूण चौतीस, पण त्यांतल्या थोड्यांनाच वर हत्ती-माणसं आणि खाली घटासारखी बैठक आहे. बाकीचे साधे अष्टकोनी. काम मध्येच थांबलं असावं. पैसे संपले, राज्य बदललं की कारागीर दुसरीकडे गेले, कुणास ठाऊक. मला तो अर्धवटपणा फार आवडतो. सगळं पुरं झालेलं देऊळ बघताना हात दिसत नाहीत, इथे दिसतात.

अकरा नंबरला 'दरबार' म्हणतात. जमिनीतूनच कोरून काढलेले दोन लांब, बुटके दगडी बाक आहेत, भिक्षूंच्या बैठकीसाठी. सासूबाईंचे पाय दुखले तर तिथे त्यांना बसवता येईल, अर्थात पहारेकऱ्याने बसू दिलं तर. चौतिसात छतावर रंगांचे अवशेष आहेत, पुरं न झालेलं बुद्धाचं चित्र. डोळे अंधाराला सरावल्याखेरीज दिसत नाही. एक्केचाळिसात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे, भारतात असं शिल्प फार विरळा. आणि नव्वदात माझी सगळ्यात लाडकी गोष्ट: पहलवी लिपीत कोरलेली नावं. इ. स. १००९ आणि १०२१ साली काही पारशी मंडळी लेणी बघायला आली आणि 'आम्ही येऊन गेलो' अशा अर्थाने नावं, तारखा कोरून गेली. बाहेर पाटी आहे: भिंतीवर नावं कोरल्यास दंड. आत हजार वर्षांपूर्वीच्या पर्यटकांनी कोरलेली नावं संरक्षित स्मारक म्हणून जपलेली!

पाणी दाखवायला मात्र विसरू नकोस. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेली पोढी आहे, म्हणजे टाकं. वरच्या खडकावर हाताच्या बोटाएवढ्या रुंदीच्या पन्हाळी कोरल्यात. पावसाचं पाणी त्यांतून वाहत येतं, एक टाकं भरलं की पुढच्यात. तोंडाशी झाकण बसवायची खाच आहे. तू डिसेंबरात येणार, तेव्हा पन्हाळी कोरड्या असतील, बोटाने चाचपून बघाव्या लागतील. जुलैत आली असतीस तर सगळा डोंगर वाहताना दिसला असता. असो. खाली उतरल्यावर पाड्यावरच्या बायका काकड्या, पेरू घेऊन बसलेल्या असतात. घ्या, पण माकडांच्या समोर पिशवी उघडू नका.

दुसऱ्या दिवशी माझ्या घराजवळ. हा दिवस मी खास सासूबाईंसाठी राखलाय. मंडपेश्वर तुला आठवत असेल, आयसी कॉलनीच्या अलीकडे, समोर मुलं क्रिकेट खेळत असतात ते. सहाव्या शतकाच्या सुमाराचं शंकराचं लेणं. आत नाचणारा शिव आहे, झिजलेला, हात गेलेले, पण कमरेला दिलेला झोक अजून जागच्या जागी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचं चर्च केलं, वर डोंगरावर मठ आणि पाठशाळा बांधली. त्याच्या छप्पर उडालेल्या भिंती अजून उभ्या आहेत. १७३९ च्या वसईच्या लढाईनंतर चिमाजीअप्पांमुळे हा मुलूख पुरता मराठ्यांकडे आला, पाद्री गेले, लेण्यात पुन्हा पिंडीवर पाणी पडू लागलं. एका भिंतीवर मात्र जुनं शिल्प तासून कोरलेला मोठा क्रूस आहे. तो कुणी काढला नाही.

त्या क्रुसासमोर सासूबाईंना उभं कर आणि सांग की हे काम त्यांच्याच माणसांचं. फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसचे अनुयायी. मायकेलँजेलो आणि गॅलिलिओ जिथे पुरलेत ते तुमचं सांता क्रोचेही त्यांचंच. त्याच संताच्या नावाची शाळा इथून चार पावलांवर आहे आणि तिच्यात माझ्या शेजाऱ्यांची पोरं जातात. कुणी आपलं देऊळ बाटवलं म्हणून हळहळेल, कुणी चर्च गेलं म्हणून. दोघांचंही खरंच आहे. पण एकाच कातळात शिव, क्रूस आणि वर पडका मठ असं सगळं एकदम बघायला फ्लॉरेन्समध्येही मिळायचं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

तिथून रिक्षाने एक्सर. मीटर नाही टाकला तर भांडू नकोस, जवळच आहे. गावात दाट वस्तीच्या गल्लीत वीरगळ उभे आहेत, सहा. युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचे दगड. महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत, पण हे जरा निराळे. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या पट्टीत लढाई, मग वीर पडलेला, मग अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, अगदी वर तो पिंडीची पूजा करतोय. एक्सरच्या दगडांवर तळाशी जहाजं आहेत! उंच नाळेची, डोलकाठ्यांची, बाजूला वल्ह्यांची तिरपी रांग आणि वल्हेकऱ्यांची डोकी एकामागे एक. दगडावर समुद्राची लढाई कोरलेली असे नमुने फार थोडे. पुष्कळ अभ्यासक म्हणतात, ही उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची लढाई, तेराव्या शतकातली. काहींच्या मते त्याहून दोनशे वर्षं आधीची. सकाळी दहाच्या आत जा, ऊन तिरपं पडतं तेव्हाच कोरीव काम उठून दिसतं. तिथे तिकीट नाही, रांग नाही, माहिती सांगणारं मशीन नाही. उफिझीच्या रांगेत तुम्ही सगळे दोन तास उभे होतात म्हणून तू लिहिलं होतंस, त्याची भरपाई इथे होईल.

तिसरा दिवस अंधेरी-जोगेश्वरीचा. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी. घाटकोपरला मी तुला काहीही दाखवणार नाही, फक्त गाडी बदलायची. (घाटकोपरच्या तुझ्या मावशींना हे वाचून दाखवू नकोस.)

आधी जोगेश्वरी. हे लेणं तू पाहिलेलंच नाहीस, पैजेवर सांगते. आपण जन्मभर हायवेने त्याच्या शेजारून गेलो. साधारण इ. स. ५२० ते ५५० च्या काळातलं. अजिंठ्यावर आयुष्य घालवलेले अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं मत असं, की भारतातल्या मोठ्या हिंदू लेण्यांमधलं हे पहिलं आणि लांबीने सगळ्यात मोठं. म्हणजे घारापुरीच्या आधीचं! तू सासूबाईंना बोटीत बसवून धाकट्या बहिणीकडे नेणार होतीस आणि थोरली दारात बसलेली.

पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं, कातळातल्या अरुंद वाटेतून, मग एकदम मोठी खांबांची खोली. मधोमध चौकोनी गाभारा. शिवपार्वतीचं लग्न, सारीपाट, कैलास हलवणारा रावण असे देखावे आहेत, पण आधी काहीच कळत नाही, कारण चेहरे विरघळल्यासारखे झालेत. दोष कारागिरांचा नाही, दगडाचा. इथला खडक म्हणजे ज्वालामुखीतून उडालेले तुकडे राखेत घट्ट बसलेले, थेट गुळाच्या चिक्कीसारखा. तुकडा निसटला की नाक गेलं. त्यात लेण्याच्या डोक्यावर आणि चहूबाजूंनी वस्ती, पाणी झिरपतंच. घारापुरीचा दगड त्या मानाने भाग्यवान. तुमच्या डेव्हिडची गोष्ट तूच मला लिहिली होतीस ना? १४६४ साली दुसऱ्याने सुरू करून टाकून दिलेला संगमरवराचा ठोकळा, तो मायकेलँजेलोने १५०१ साली घेतला आणि तीन वर्षांत त्यातून डेव्हिड काढला. पण निदान तो ठोकळा संगमरवर तरी होता. आणि १८७३ साली पावसापाण्यातून उचलून त्याला छपराखाली नेता आलं. जोगेश्वरी कुठे उचलून नेणार?

एवढं असून ते जिवंत आहे. जोगेश्वरी देवीला बायका नारळ-फुलं घेऊन येतात, कोणी पोराच्या परीक्षेसाठी, कोणी नुसती सवयीने. अंधारात तेलाचा वास येतो. जावईबापूंना कॅमेऱ्याचा फ्लॅश मारू देऊ नकोस, आणि चपला बाहेर.

दुपारी महाकाली लेणी, अंधेरी पूर्वेला. महाकाली केव्ह्ज रोडचं नाव तू कुरिअरच्या पत्त्यात हजारदा लिहिलं असशील. एकोणीस लेणी, बौद्ध, जुनं नाव कोंडिविटे. त्यांतलं नऊ नंबर बघितलंत की झालं. आत स्तूप आहे, पण तो उघड्यावर नसून कातळातच कोरलेल्या गोल झोपडीत आहे, बाजूला जाळीच्या खिडक्या. कुडाच्या झोपडीचा आकार दगडात घेतलाय. असा प्रकार बिहारात बराबरच्या डोंगरात आहे, मौर्यकाळातला. आपल्याकडच्या लेण्यांत दुसरीकडे दिसत नाही. बाकीची लेणी घाईत बघितलीत तरी चालेल, तोही चिक्कीचाच खडक.

शक्ती उरली तर पश्चिमेला गिल्बर्ट हिल, सुमारे साठ मीटर उंचीचा काळ्या दगडाचा उभा सुळका. लाव्हा थंड होताना पडलेले खांब बाजूने स्पष्ट दिसतात, सहा कोटी वर्षांहून जुने. वर गावदेवीचं देऊळ, खाली चाळी आणि टॉवर. ह्यात कलाबिला काही नाही, पण वरच्या सगळ्या लेण्यांचा दगड कुठून आला हे एका नजरेत कळतं.

चौथ्या दिवशी जा हवं तर घारापुरीला, तीही सोमवारी बंद असते. जोगेश्वरी बघून गेलात तर तिथले फुटलेले हात-पायही वाचता येतील. मुलुंडला काय दाखवू, ते तूच ठरव. तुझ्या आईच्या हातचा मसालेभात दाखव.

आता माझं एक काम. तू मला घुमटाचे, पुलाचे, कुठल्या कुठल्या दारांचे फोटो पाठवलेस, पण कासिने बागेतला एकही नाही. आर्नो आणि मुन्योने नद्यांचा संगम आहे ना, तिथे एक छत्री आहे आणि तिच्याखाली आपला कोल्हापूरचा राजा बसलाय. छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८७० साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ साली छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. तिथे दहनाची चाल नव्हती, खास परवानगी काढावी लागली आणि रात्री नदीकाठी, संगमावर अग्नी दिला. बरोबरच्या माणसांनी परमुलखातही संगम शोधला, बघ.

१८७४ साली तिथे स्मारक झालं. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास त्यांच्याच हातचे. अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, रंगवलेला, पागोटं आणि दागिन्यांसकट. त्याच्यावरून शेजारच्या मोठ्या रस्ता-पुलाचं नावही 'इंडियानो' पडलं, १९७८ सालचा पूल. म्हणजे तू ऑफिसला जाता-येता बहुधा त्याच पुलावरून जातेस आणि खाली बघत नाहीस.

तर एक रविवार काढ आणि जा. मला दोन फोटो हवेत: एक पागोट्याचा जवळून, एक छत्रीच्या खांबांचा. मँटने नक्षी कुठून घेतली ते मला बघायचंय; कोल्हापूरच्या राजवाड्याचे फोटो माझ्याकडे आहेत, ताडून बघेन. चबुतऱ्यावर लेख आहे, तोही वाचून कळव. सासूबाईंना बरोबर ने. फ्लॉरेन्सची बाई आहे, त्यांना आतली माहिती असेल, नसेल तर तू सांग.

तिकिटं निघाली की तारखा कळव, म्हणजे सोमवार कुठे पडतो ते बघून दिवस मागेपुढे करता येतील. सासूबाईंसाठी रबरी तळव्यांचे बूट, कान्हेरीचा कातळ पायांनी घासून गुळगुळीत झालाय. छोटी टॉर्चही आण, जोगेश्वरीला लागेल. मोबाइलच्या उजेडात काही दिसत नाही.

सगळ्यांना नमस्कार, जावईबापूंना विशेष.

तुझी,
माधुरी

ता. क. सीप्झच्या कुंपणात १५७९ साली जेझुइटांनी बांधायला घेतलेलं सेंट जॉन बॅप्टिस्टचं चर्च आहे, एकोणिसाव्या शतकात साथीमुळे गाव उठलं तेव्हापासून पडकं. ते मुद्दाम यादीत घेतलं नाही. आत निर्यातीचे कारखाने, पासाशिवाय प्रवेश नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, प्रार्थनेसाठी उघडतात. सासूबाईंनी त्यासाठी हट्ट धरला तर त्यांना मे महिन्यात पुन्हा बोलाव, आणि आमरसाचं आमंत्रण माझ्याकडून आत्ताच देऊन ठेव.